वाद तेवढ्याच तुकड्यांचा

"वहिनी, माल मिक्स निघालाय, ३०४ चा दर काही बसणार नाही," असा भंगाराच्या व्यापाऱ्याचा फोन (३०४ ही स्टेनलेस स्टीलची एक प्रत) ज्यांनी कधी घेतला आहे, त्यांना त्यापुढची पाच मिनिटे कशी जातात हे वेगळे सांगावे लागणार नाही. टेम्पो सकाळीच आपल्या फाटकातून बाहेर पडलेला असतो, बिल फाडून झालेले असते, माल दुसऱ्याच्या गोदामात दुसऱ्याच्या मालाशेजारी ओतलेला असतो, आणि फोनवरचा माणूस सांगतो ते खरे की खोटे हे पाहायला आपल्या हाताशी एकही तुकडा उरलेला नसतो. आवाज चढवावा तर आपलेच पैसे त्याच्याकडे अडकलेले. गप्प बसावे तर पुढच्या वेळी हेच वाक्य आणखी सहज येणार. पहिल्या दोन-तीन वर्षांत मी दोन्ही करून पाहिले आणि दोन्ही वेळा रात्री झोप लागली नाही.

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक गाळा आहे. दुधाच्या टाक्या, खव्याच्या कढया, पनीरचे साचे, अशी स्टेनलेस स्टीलची कामे तिथे होतात. मोठा पत्रा कापला की कडेच्या पट्ट्या उरतात, पंचिंग केले की रुपयाएवढ्या टिकल्या पडतात, पाइपांचे वीत-दीड वीत तुकडे राहतात आणि लेथखाली बुरा साठतो. सासरे होते तोवर हे सगळे एका कोपऱ्यात पडत असे आणि दिवाळीच्या आधी एकदा विकले जात असे. त्यांच्यामागे हिशेब माझ्याकडे आला तेव्हा लक्षात आले, की ज्याला आम्ही सरसकट भंगार म्हणत होतो ते खरे तर पैसे देऊन विकत घेतलेले चांगले मटेरियल आहे. फक्त त्याचा आकार आमच्या उपयोगाचा उरलेला नाही. त्या दिवसापासून त्याची विक्री मी खरेदीइतकीच मनावर घेतली, आणि तिथूनच प्रतवारीची भांडणे सुरू झाली.

स्टेनलेसच्या भंगाराचा दर म्हणजे मुख्यतः त्यातल्या निकेलचा दर. ३०४ या प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी करून त्याची जागा बऱ्याच अंशी मँगेनीजने भरलेली असते. ३१६ मध्ये निकेल थोडे जास्त आणि शिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते. डोळ्यांना तिन्ही सारखेच चमकदार दिसतात, हातात घेतले तर वजनही सारखेच वाटते; बाजारात मात्र २०२ चा दर ३०४ च्या निम्म्याच्या आसपास घुटमळतो. म्हणजे जो फरक दिसत नाही, जाणवत नाही, त्याच्यावर निम्मे पैसे अवलंबून असतात. अशा व्यवहारात वाद होणार नाहीत अशी अपेक्षा धरणेच चुकीचे आहे. ते कुठे, कधी आणि किती मालापुरते व्हावेत, एवढेच आपल्या हातात असते.

ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्या आमच्या नेहमीच्या व्यापाऱ्याशी झालेला पहिला मोठा वाद अजून जशाच्या तसा आठवतो. ६४० किलोंची गाडी गेली होती आणि दुपारी तो वर लिहिलेला फोन आला. मी कारखान्यातल्या एका मुलाला बरोबर घेऊन थेट त्यांच्या गोदामात गेले. मामांनी काही न बोलता खिशातून दोऱ्याला बांधलेले छोटे लोहचुंबक काढले आणि ढिगातल्या एका वाकवलेल्या पट्टीजवळ धरले. चुंबक पट्टीकडे ओढले गेले. मग एका टिकलीजवळ धरले; तिच्याही कडेला ते हलकेच चिकटले. "३०४ ला चुंबक लागत नाही, हे मी तुमच्या सासऱ्यांकडूनच शिकलो," असे मामा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. चाळीस वर्षे ज्या खुणेवर धंदा केला ती खूण ते मला दाखवत होते.

माझ्याबरोबरचा मुलगा पंचविशीतला, आयटीआय केलेला. त्याने ढिगातून दोन मिलिमीटरची एक सपाट पट्टी उचलली आणि मामांच्याच हातातल्या चुंबकापुढे धरली, चुंबक ढिम्म. मग तीच पट्टी त्याने गोदामातल्या वाइसमध्ये अडकवून सात-आठ वेळा इकडून तिकडे वाकवली आणि पुन्हा चुंबकापुढे नेली. या वेळी दोऱ्याला लोंबणारे चुंबक बरोबर वाकाच्या रेषेकडे झुकले, आणि दोन बोटे पलीकडे सपाट भागावर पुन्हा सुटून लोंबू लागले. ३०४ चा पत्रा थंड असताना वाकवला, ठोकला किंवा पंच केला की तेवढ्या जागी धातूची आतली रचना बदलते आणि ती जागा चुंबकाला धरू लागते. वेल्डिंगच्या शिवणीवरही चुंबक थोडे ओढले जाते, ते मूळ पत्रा हलक्या प्रतीचा असल्यामुळे नव्हे. मामांनी ती पट्टी हातात घेतली, अंगठा वाकावरून फिरवला आणि स्वतः दोनदा करून पाहिले.

इथे मला जिंकल्यासारखे वाटले, आणि माझी चूक तिथेच होती. वाकवलेल्या पट्टीला चुंबक लागते एवढ्यावरून ती २०२ ठरत नाही, हे खरे. पण न लागल्यावरून ती ३०४ ठरते, असेही नाही, कारण सपाट २०२ लाही चुंबक लागत नाही. चुंबकाने लोखंड आणि ४३० सारखा निकेल नसलेला पत्रा वेगळा काढता येतो. ३०४ आणि २०२ मधला निवाडा ते देऊच शकत नाही. म्हणजे मामांची शंका चुंबकाने सिद्ध झाली नव्हती आणि माझा दावाही चुंबकाने सिद्ध झाला नव्हता. आम्ही दोघेही अर्धा तास एका अशा साक्षीदाराला प्रश्न विचारत होतो, ज्याने घटना पाहिलेलीच नव्हती.

तो वाद सोडवला मामांच्या गोदामात माल निवडणाऱ्या एका बाईंनी. पन्नाशीच्या पुढच्या, हातात जाड मोजे, डोक्याला पदर घट्ट बांधलेला. आमचे बोलणे चालू असताना त्या ढिगाशी बसून शांतपणे तुकडे बाजूला काढत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी आरशासारखे चकचकीत, गोल पाइपांचे तुकडे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "ताई, हे डेअरीचं न्हाई. हे जिन्याच्या कठड्याचं हाय." त्यांनी ना चुंबक लावले होते, ना तपासणीच्या रसायनाचा थेंब टाकला होता. दुधाच्या लाइनीचा पाइप आतून कसा गुळगुळीत असतो, कठड्याचा पाइप बाहेरून कसा झळकतो आणि आतली शिवण कशी तशीच सोडलेली असते, हे त्यांना हजारो तुकडे हाताखालून गेल्यामुळे माहीत होते. धातू कोणता हे विचारण्याआधी त्यांनी ही वस्तू आधी काय होती हे ओळखले होते.

आणि त्यांचे बरोबर होते. महिनाभरापूर्वी आम्ही एका टाकीभोवती चढण्या-उतरण्यासाठी कठडा करून दिला होता. त्याचा पाइप गावातल्या दुकानातून आणला होता, आणि उरलेले तुकडे आमच्याच मुलांनी नेहमीच्या पिंपात टाकले होते. मी खात्रीने "आमच्याकडे ३०४ शिवाय काही नसतेच" असे म्हणत होते, ते मला जे माहीत होते त्याच्या भरवशावर. पिंपात काय पडते ते मी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी वसाहतीतल्या प्रयोगशाळेतून धातू तपासणारी गन मागवली. पट्ट्या आणि टिकल्या ३०४ निघाल्या. कठड्याच्या पाइपात निकेल जेमतेम एक टक्का निघाले, म्हणजे तो २०२ पेक्षाही हलका, बाजारात ज्याला जे-फोर म्हणतात तो होता. त्या तुकड्यांचे वजन भरले ३१ किलो. उरलेले ६०९ किलो पहिल्यापासून बिनतक्रार ३०४ होते, आणि तरीही आदल्या दिवशी दुपारभर दर सगळ्या ६४० किलोंचा पणाला लागला होता.

हे ३१ आणि ६४० माझ्या डोक्यातून गेले नाहीत. मी कागलजवळच्या एका गावातल्या शेतकऱ्याची मुलगी. लहानपणी वडिलांबरोबर गुळाच्या गाडीतून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात जायची. तिथे तीस किलोंच्या रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या लागायच्या आणि सौद्याच्या वेळी खरेदीदार एखादा रवा फोडून रंग आणि कण बघायचा. फोडलेला रवा जरा काळपट निघाला की त्या एका रव्याच्या रंगाने सगळ्या थप्पीचा दर खाली यायचा. शिवाय वजनात कडता, म्हणजे कपात, होताच. घरी परतताना वडील गाडीवर काही बोलायचे नाहीत. काळपट रवा आपलाच होता, हे त्यांना मान्य असायचे. एका रव्यासाठी चाळीस रव्यांनी शिक्षा का भोगावी, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. त्यांची ती न बोललेली तक्रार मला मामांच्या गोदामात उभी असताना समजली, आणि उशिरा समजल्याचे फार वाईट वाटले.

त्यानंतर मामांशी मी एकच गोष्ट ठरवून घेतली, आणि आजवर आमचा व्यवहार तिच्यावर टिकून आहे: वाद ज्या तुकड्यांचा असेल तेवढेच तुकडे बाजूला काढायचे, त्यांचे वेगळे वजन करायचे, आणि उरलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी ठरलेल्या दराने द्यायचे. बाजूला काढलेल्या तुकड्यांची तपासणी करायची, आणि ज्याचे म्हणणे चुकीचे ठरेल त्याने तपासणीचा खर्च सोसायचा. ही शेवटची अट मामांनी घातली. ती मला पहिल्यांदा कडक वाटली होती. पण तिच्यामुळे दोघेही उगाच शंका काढत नाहीत आणि उगाच खात्रीही देत नाहीत.

दुसरी गोष्ट मी माझ्या घरात बदलली. आता पिंपे चार आहेत आणि त्यांच्या तोंडाला वेगवेगळा रंग आहे. मोठ्या पत्र्यावर पोलाद कारखान्याने छापलेला हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक, असतो. तो ज्या तुकड्यावर येतो तो तुकडा शेवटपर्यंत कापायचा नाही आणि भंगारात जाताना तो सगळ्यांत वर ठेवायचा, म्हणजे खरेदीच्या वेळी आलेले टेस्ट सर्टिफिकेट आणि विकताना दिसणारा नंबर एकमेकांशी ताडून पाहता येतात. पॉलिश पत्र्यावरची प्लॅस्टिकची फिल्म सोलून टाकायची, कारण तिच्या नावाखाली कडता कापला जातो आणि तो फिल्मच्या वजनापेक्षा नेहमी मोठा असतो. लेथचा बुरा जाळीच्या उतरत्या तळावर दोन दिवस निथळू द्यायचा; कुलंट, म्हणजे यंत्रावर थंडाव्यासाठी सोडलेले द्रव, गळून गेले की वजन घटते हे मला ठाऊक आहे, पण ते वजन मुळात माझे नव्हतेच, आणि निथळलेल्या बुऱ्यावर "ओला आहे" म्हणून कोणाला बोट ठेवता येत नाही.

तपासणी मात्र आमच्याच फाटकाच्या आत, दोघांच्या समोर, गाडी भरण्याआधी होते. मामांचा मुलगा हल्ली रसायनाची एक छोटी बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेऊन येतो. तुकड्यावर थेंब टाकून बॅटरी लावली आणि रंग लालसर उतरला की तो तुकडा ३०४ चा नाही, असे धरायचे. पत्रा तेलकट असेल तर त्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून आधी ग्राइंडर मारून जागा स्वच्छ करायची. गनलाही हाच नियम लागू पडतो, कारण ती फक्त वरचा थर वाचते. मुलामा असेल तर मुलाम्याचा धातू सांगते. शिवाय कार्बन तिला दिसत नाही, त्यामुळे ३०४ आणि कमी कार्बनचे ३०४-एल यांत ती भेद करू शकत नाही. यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटला की माणसे एकदम गप्प होतात, म्हणून त्या यंत्राला काय कळत नाही हे आधीच माहीत असलेले बरे.

सगळेच व्यवहार असे सरळ झाले असे नाही. एका परगावच्या खरेदीदाराला, मामांपेक्षा किलोमागे चार रुपये जास्त मिळतात म्हणून, मी सलग तीन गाड्या दिल्या. तिन्ही वेळा गाडी पोहोचल्यावर फोन आला आणि तिन्ही वेळा कपात झाली. एकदा प्रतीची, एकदा घाणीची, एकदा वजनाची. तिसऱ्या वेळी मी माल परत पाठवा म्हणाले, तर भाडे तुम्हीच भरा असे उत्तर आले. तेव्हा मी वकिलीचे काम करणाऱ्या एका मैत्रिणीकडे गेले आणि माल विक्री अधिनियम, १९३० यातली काही कलमे तिने मला वाचून दाखवली. नमुना आणि वर्णन या दोन्हींवर माल विकला असेल तर तो दोन्हींशी जुळावा लागतो. खरेदीदाराला माल तपासून पाहण्याची रास्त संधी मिळालीच पाहिजे. वाजवी काळ उलटूनही त्याने नाकारल्याचे कळवले नाही तर त्याने तो स्वीकारला असे मानले जाते. आणि हेही होते, की वेगळे काही ठरले नसेल तर, नाकारलेला माल परत पोहोचवण्याचे बंधन खरेदीदारावर नाही. हे शेवटचे कलम ऐकताना मला राग आला होता. थोड्या वेळाने मात्र पटले, की वेगळे काही ठरवून घेण्याची मोकळीक त्याच वाक्यात दिलेली होती आणि मी काहीच ठरवलेले नव्हते. चार रुपयांचा दर तेवढा ठरवला होता. भाडे भरून माल परत आणला. बिल आधीच गेलेले असल्यामुळे क्रेडिट नोट, जीएसटीची दुरुस्ती, हे सारे निस्तरायला दोन महिने गेले.

त्या सुमारास मी या धंद्याचे आंतरराष्ट्रीय नियमही थोडे वाचले. अमेरिकेतल्या भंगार व्यापाऱ्यांच्या संघटनेने प्रत्येक मालाला एकेका शब्दाचे नाव दिलेले आहे. हे शब्द तारेच्या जमान्यातले: एका शब्दाची तार केली की मालाचे सगळे वर्णन पोहोचावे, म्हणून ते आले. स्वच्छ ३०४ जातीच्या भंगाराचे नाव सॅबॉट, आणि त्याच्या व्याख्येत निकेल किमान ७ टक्के असे लिहिलेले आहे. ज्या मालाला आपण आठ टक्क्यांचा म्हणतो त्याच्या व्याख्येत सात लिहिताना, त्या जुन्या लोकांनी वादाला किती जागा ठेवायची तेही लिहून ठेवले होते. आमच्या वहीतही आता तशी एक ओळ आहे: ३०४ च्या गाडीत शंभर किलोंमागे एक किलो दुसरे निघाले तर ते बाजूला काढून त्याच्या दराने घ्यायचे, त्यावर बोलणे करायचे नाही, त्याहून जास्त निघाले तर गाडी थांबवून पिंप पुन्हा निवडायचे, आणि निवडायची मजुरी आमची.

दर हलत असले की प्रतीच्या तक्रारी वाढतात, हे मात्र मी अनुभवाने शिकले. ८ मार्च २०२२ या दिवशी लंडनच्या धातूबाजारात निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला, बाजाराला व्यवहार थांबवावे लागले आणि त्या दिवशीचे सौदे रद्द करावे लागले. तेव्हा आमच्याकडे दोन पिंपे भरलेली होती. दोन-तीन अनोळखी व्यापारी भरमसाट दर घेऊन फाटकाशी आले, मामा आले आणि म्हणाले, "वहिनी, या आठवड्यात मी दर सांगत नाही. आज सांगितलेला उद्या मला पाळता आला नाही, तर मग मी तुमच्या मालात खोट काढत बसेन." व्यापाऱ्याने आपल्याच धंद्याविषयी इतके उघड बोललेले मी पूर्वी ऐकले नव्हते. दर पडला की माल एकाएकी मिक्स का निघतो, हे त्या एका वाक्यात मला कळले, आणि आमच्या बाजूनेही दर चढला की कठड्याचा पाइप ३०४ च्या पिंपात पडायला सोपा जातो, हेही मला त्याच वेळी मान्य करावे लागले. पिंपे तीन आठवडे तशीच राहिली. दर खाली आला तेव्हा आम्ही ती त्याच दराने दिली, आणि एकही तुकडा बाजूला निघाला नाही.

गेल्या बुधवारच्या गाडीत एक तुकडा निघाला. जुनी लाइन मोडली तिच्यातला एल्बो, म्हणजे पाइपाचे वळण, तळहाताएवढा. मामांचा मुलगा म्हणतो तो ३०४ आहे. मी म्हणते ३१६, कारण ती लाइन मिठाच्या पाण्याची होती आणि अशा ठिकाणी ३०४ कोणी बसवत नाही. चुंबक दोघांच्याही बाजूने काही बोलत नाही, आणि बाटलीतल्या थेंबाला या दोहोंतला फरक ओळखता येत नाही. निवडणाऱ्या बाई आता थकल्या आहेत, गोदामात येत नाहीत. नाहीतर हातात घेऊन त्यांनी काय सांगितले असते, हे ऐकायला मला आवडले असते. बाकीची गाडी भरून गेली, पैसे संध्याकाळी जमा झाले. त्या एल्बोवर आम्ही दोघांनी मार्करने सही केली आहे, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका कामासाठी गन यायची आहे तोवर तो माझ्या टेबलाजवळच्या खिडकीत ठेवला आहे.